वरकस पुन्हा लागवडीखाली: लांजा तालुक्यातल्या एका उताराच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२२

दिवाळी झाली, जमीन वाळली, आज सगळा तुकडा फिरून पाहिला. सत्तर गुंठे, पूर्वेकडे उतरता, खालच्या अंगाला पऱ्या, म्हणजे छोटा ओढा. सातबाऱ्यावर वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची हलकी जमीन. आजोबा इथे नाचणी आणि वरी करायचे. ते गेल्यावर काकांनी काही वर्षं ओढली, मग घरातली कर्ती माणसं मुंबईला गेली आणि जमीन पडीक राहिली. तीस वर्षांत काय होतं ते आज दिसलं. गडग्याचे, म्हणजे दगडी बांधाचे, चिरे जागच्या जागी आहेत, पण त्यांच्यातून किंजळीची मांडीएवढी खोडं वर आली आहेत. वरच्या अर्ध्या भागात ऐन, किंजळ, कुडा, कुंभा, मधे करवंदीच्या जाळ्या आणि त्या सगळ्यावर उक्षीच्या वेली. खालच्या अर्ध्या भागात झाडं कमी आणि रानमोडी (माजलेलं तणझुडूप) जास्त. ती माणसाच्या डोक्यावर गेली आहे, आत डुकरांच्या वाटा आहेत.

काजू लावायचा, पहिली दोन-तीन वर्षं त्यात नाचणी आणि कुळीथ घ्यायचा, असं ठरवलं आहे. काय केलं, केव्हा केलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते तारखेनिशी लिहून ठेवणार आहे. गावात अशाच पडलेल्या जमिनी खूप आहेत आणि परत येऊ पाहणारी माणसंही आहेत.

२० नोव्हेंबर २०२२

आधी कागद, मग कोयता. सातबाऱ्याच्या इतर हक्कात आणि जुन्या फेरफारांत 'खाजगी वन' असा शेरा आहे का, ते पाहिलं. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने कोकणातल्या कितीतरी जमिनींवर हा शेरा बसला आणि पुष्कळ घरांना तो कर्ज काढायला किंवा वाटप करायला गेल्यावरच कळला. शेरा असेल तर तिथे काहीही तोडू नये, आधी तो प्रश्न सोडवावा. आमच्यावर नाही. जमीन सामाईक आहे, म्हणून चुलत भावंडांची लेखी संमती घेतली.

दुसरी गोष्ट झाडांची. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतली झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपल्याकडची त्यातली नेहमीची नावं: आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, हिरडा, ऐन, किंजळ, हेद. म्हणजे आमच्या वरच्या भागातलं जवळजवळ सगळंच मोठं झाड यादीत आहे. वनखात्याकडे अर्ज दिला, सोबत सातबारा आणि नकाशा. तोडलेला माल बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा पास वेगळा लागतो.

एक लाकूडवाला आठवडाभर मागे लागला आहे. परवानगी, तोड, वाहतूक सगळं तो बघणार आणि वर आम्हाला पैसे देणार. त्याची अट एकच, उभं आहे ते सगळं त्याचं. नाही म्हणून सांगितलं. काय जाणार आणि काय राहणार, हे या कामातलं सगळ्यात मोठं ठरवणं आहे. ते झाडाच्या किमतीवर सोडता येणार नाही.

४ डिसेंबर २०२२

वाडीतले तात्या आले होते. वय ऐंशीच्या पुढे, या उतारावर त्यांनी स्वतः नाचणी लावली आहे. चुन्याची बादली घेऊन आम्ही दोघं झाड-झाड फिरलो आणि ठेवायच्या झाडांना पट्टा मारला.

पऱ्याच्या दोन्ही काठांचं काहीच तोडायचं नाही. तिथली मुळं काठ धरून आहेत आणि तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे पऱ्याला मार्चपर्यंत पाणी राहतं ते त्या सावलीमुळेच. रायवळ आंबे, फणस, दोन रातांबे (कोकमाची झाडं) ठेवले. उत्तरेच्या हद्दीवरचे ऐन ठेवले, काजूवर त्यांची सावली येत नाही. बाहेरच्या अंगाची करवंद तशीच ठेवून तिची वई, म्हणजे कुंपण, करायची. काजूला पूर्ण ऊन लागतं, त्यामुळे मधल्या भागातली किंजळ आणि कुडा जाणार.

फिरता फिरता तात्या जे बोलले त्यात मला या सगळ्या कामाचं उत्तर मिळालं. मी विचारलं, तुम्ही एवढं रान साफ ठेवत होता कसं? ते म्हणाले, "साफ ठेवायला कोण जात होतं? कवळाला जायाचं, लाकडाला जायाचं, गुरं चरायची. रान वाढंल कसं?" भाताच्या रोपांचा वाफा (तरवा) पाला जाळून भाजायचा, तो राब; त्यासाठी दरवर्षी ऐनाची, किंजळीची कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायची. चुलीला फाटी लागायची. गोठ्यात गुरं होती, ती उन्हाळभर फिरायची. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग काही वर्षं जमीन विसाव्याला, आणि विसाव्यातही तिच्यातून गवत आणि कवळ घरी यायचंच. वर्षभर कुणाचा ना कुणाचा हात तिच्यावर फिरत असे. घरात गॅस आला, गुरं गेली, माणसं गेली, आणि हे सगळे हात एकदमच थांबले.

म्हणजे एकदा यंत्र फिरवून हे सुटणारं नाही. त्या जुन्या कामांच्या जागी आज कोणती कामं बसवायची, ते शोधायचं आहे.

११ डिसेंबर २०२२

सुरुवात रानमोडीपासून. झाडांना परवानगी यायची आहे, पण हिला थांबता येत नाही. कळ्या दिसायला लागल्या आहेत. जानेवारीत फुलं होऊन बी उडायला लागलं की वाऱ्याबरोबर सगळ्या उतारावर पसरतं. त्याच्या आत जेवढी निघेल तेवढी काढायची.

जमीन कडक झाल्यामुळे उपटून येत नाही, टिकावाने काढावी लागते. हिचा जोर जमिनीलगतच्या गाठीत असतो. वरून कापली तर एका काठीच्या जागी पाच-सहा काठ्या उभ्या राहतात. टिकावाचा घाव बुंध्यापासून वीतभर लांब घालून गाठ उचकटायची, माती झटकायची आणि मुळं वर करून ठेवायची. काम कंटाळवाणं आहे, पण गाठ निघाली की ते झाड संपलं.

घाणेरी खालच्या कोपऱ्यातच आहे. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी घाणेरीसाठी रूढ केलेली पद्धत वापरली: झुडूप ओढून न काढता मुख्य मूळ जमिनीच्या थोडं खाली तोडायचं आणि झुडूप उलटं टाकून वाळवायचं. माती कमी उकरली जाते, त्यामुळे खालचं बी कमी उगवतं.

८ जानेवारी २०२३

वनरक्षक पाहणी करून गेले होते, परवानगी आली. चुन्याचे पट्टे मारलेले होते, त्यामुळे मोजणी लवकर झाली.

आज तोड सुरू करायची होती, पण वरच्या टोकाला खाजकुयली निघाली. शेंगा वाळून तांबूस झाल्या आहेत, वेल हलवला की त्यांची लव उडते. एका गड्याच्या मानेवर आणि हातांवर पडली. पाणी लावलं की ती आणखी पसरते. काकींनी ओलं शेण लावलं, ते वाळल्यावर लवेसकट खरवडून काढलं, मग खोबरेल तेल. दुपारपर्यंत उतार पडला. तो भाग आता सोडला आहे. पहिल्या पावसात लव बसली की जूनमध्ये वेल मुळासकट काढू. पुढच्या वर्षापासून ऑक्टोबरात, शेंगा हिरव्या असतानाच.

फुरशाची भीती कायम आहे. जांभ्याच्या चिऱ्यांखाली ती हमखास असतात. गडग्यात हात घालण्याआधी काठी फिरवायची, सगळ्यांनी गमबूट घालायचे. चावलं तर मांत्रिक-बिंत्रिक काही नाही, सरळ ग्रामीण रुग्णालयात. तिथे प्रतिविष लस आहे का, ते आधीच विचारून आलो आहे.

५ फेब्रुवारी २०२३

तोड संपत आली. प्रश्न खुंटांचा.

जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांत खुंटासकट मैदान करून देतो. सपाट मळ्यात मी हो म्हटलं असतं, उतारावर नाही. इथे जांभ्यावर मातीचा थर कुठे हातभर, कुठे वीतभर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. खुंट उपसले की खड्डे पडतात, माती मोकळी होते आणि पहिल्या दोन जोराच्या सरींत ती पऱ्यात जाते. मेलेलं मूळसुद्धा काही वर्षं माती धरून ठेवतं, आणि तेवढ्यात काजूची मुळं पसरतात. म्हणून खुंट जमिनीलगत कापून जागेवरच मारायचे.

अडचण अशी की ऐन, किंजळ, कुडा ही झाडं तोडीला घाबरत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची कवळं तोडली, तरी ती टिकली ती याच गुणामुळे. त्यातून पानगळीच्या हंगामात तोडलं की सगळा साठा मुळात असतो आणि पावसाला फुटवे जोरात येतात. कुडा तर मुळांवरूनही फुटतो. त्यामुळे खरी तोड आता पावसाळ्यात, फुटव्यांची.

१९ मार्च २०२३

फाटी घरांना वाटली, जाड लाकूड पास घेऊन गेलं. उरल्या फांद्या आणि पाला. बहुतेकांचा सल्ला, काडी लावा आणि मोकळे व्हा. लावली नाही. पूर्वी राब भाजत ते वाफ्यापुरतं, वर माती टाकून, सकाळच्या दहिवरात आणि पाच-सहा माणसं उभी करून. आख्ख्या उताराला मार्चमध्ये आग लावणं ही वेगळी गोष्ट आहे. पाला जळतो, थोडीफार राख मिळते आणि पहिल्या पावसात ती वाहून जाते. उघड्या, भाजलेल्या जमिनीवर सगळ्यात आधी रानमोडीच येते.

त्याऐवजी फांद्या उताराला आडव्या, समपातळीत रचल्या. मोठे खुंट मेखांसारखे वापरून त्यांच्या वरच्या अंगाला रांग धरली. गुडघाभर उंच, दोन रांगांत सात मीटरचं अंतर. काजूच्या ओळी या दोन रांगांच्या मधे येतील. चहूबाजूंनी वणवा अडवायला दहा फुटांची जाळरेषा काढली, गवत खरवडून माती उघडी केली. आडव्या रांगांत वाळलेलं लाकूड आहे, त्यामुळे यंदा जाळरेषेत कसर चालणार नाही.

३० एप्रिल २०२३

खड्डे. सात बाय सात मीटरवर एकरी ऐंशीच्या आसपास बसतात. ठेवलेली झाडं, पऱ्याकाठ आणि उघडा कातळ सोडून आमच्याकडे शंभर जागा निघाल्या. दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल. खणताना वरची काळसर माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला ठेवली. भरताना काळी आत जाईल. तोपर्यंत खड्डे उन्हात तापू देत.

२६ जून २०२३

पावसाने फार वाट पाहायला लावली. ११ जूनला तो रत्नागिरीपर्यंत पोचला आणि बिपरजॉय वादळाच्या गडबडीत तिथेच अडकला. आता धरला आहे. कालपासून लागवड.

कलमं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जातींची आणली: वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७. सातची बी मोठी, दहा ग्रॅमच्या आसपास. खड्ड्यात वरची माती, शेणखत, सुपर फॉस्फेट आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील, याकडे स्वतः लक्ष दिलं. काठी पुरून बांधून घेतलं.

२३ जुलै २०२३

ओळींच्या मधे नाचणीची रोपं लावून झाली. नांगर घातला नाही, कुदळीने आडवे पट्टे मोकळे करून त्यातच लावली.

इर्शाळवाडीवर दरड कोसळल्याची बातमी आल्यापासून घरचे धास्तावले आहेत, मुंबईहून रोज फोन येतो. तिथला डोंगर वेगळा, तिथली कारणं वेगळी. तरीही पावसात उभं राहून आपला उतार बघितला. आडव्या रांगांच्या वरच्या अंगाला माती आणि पाला अडकून पायरीसारखं झालं आहे. खाली पऱ्यात उतरणारं पाणी गढूळ आहे, पण शेजारच्या जेसीबी फिरवलेल्या जमिनीतून येतं तसं तांबडंलाल नाही. एका जागी पाणी एकवटून घळ पडायला लागली होती, तिथे चिरे टाकून बांध घातला.

२० ऑगस्ट २०२३

पाऊस गेल्यासारखा आहे. कलमांच्या आळ्यात पाला घातला. नाचणी पिवळी पडली आहे, तरी तग धरून आहे.

उघडीप मिळाली तशी फुटव्यांची पहिली पूर्ण फेरी केली. पद्धत लिहून ठेवतो. फुटवा हातभर होऊ द्यायचा. फार कोवळा काढला तर झाडाचा साठा खर्चच होत नाही, फार वाढू दिला तर तो स्वतःचं अन्न करून मुळाला परत द्यायला लागतो. हातभर झाला की कोयत्याने कापायचा नाही. बुडाशी अंगठा लावून खाली ओढायचा, म्हणजे खुंटाच्या सालीचा तुकडा घेऊन तो निघतो आणि त्या जागचा डोळाही जातो. कोयत्याने कापला की बुडाशी डोळे राहतात आणि एकाचे तीन होतात. किंजळीचे फुटवे असे सहज निघतात, ऐनाचे थोडे चिवट. जाड खुंटांवर शेवाळी ओली साल सुटी झाली होती, ती हातानेच सोलून काढली.

२९ ऑक्टोबर २०२३

नाचणी काढली. पाऊस बघता ठीक. डुकरांनी खालचा पट्टा लोळवला, पण गेल्या वर्षापेक्षा त्यांचा वावर कमी आहे. दडायला रानमोडी उरली नाही, हे मुख्य. नाचणीच्या जागी ओलीवर कुळीथ टाकला. दिवाळीनंतर जमीन उघडी पडते तेव्हाच रान शिरतं, त्या वेळी तिच्यावर काहीतरी हिरवं उभं हवं. कुळथाला दवावरही भागतं आणि तो जमीन झाकून टाकतो. पीठ घरी येईल ते वेगळं.

१० डिसेंबर २०२३

रानमोडीची दुसरी फेरी, कळ्यांच्या आत. तात्यांनी आणखी एक सांगितलं आणि ते खरं ठरलं: हिची बारीक रोपं जून-जुलैत, जमीन भिजलेली असताना, दोन बोटांनी उपटून येतात. आता टिकाव लागतो. आता निघाली ती पावसातल्या बेणणीत (तण काढताना) नजरेतून सुटलेली. पुढच्या वर्षीपासून पावसातली बेणणी मुख्य आणि डिसेंबरातली फेरी राहिलेल्यांसाठी.

ग्रास कटर घेतला. ओळींच्या मधल्या गवताला उत्तम. कलमापासून हातभर अंतरावर मात्र तो बंद. नायलॉनची दोरी कोवळी साल सोलून टाकते आणि कलम महिन्याभरात वाळतं. आळं खुरप्यानेच बेणायचं.

२५ फेब्रुवारी २०२४

दुपारी पलीकडच्या सड्यावरून (कातळाच्या माळावरून) वणवा आला. वाळलेली रानमोडी तेलकट असते, ज्वाळा झाडाएवढ्या उठत होत्या. वाडीतली दहा-बारा माणसं ओल्या टाळांनी (पाल्याच्या फांद्यांनी) झोडपत उभी राहिली. आग जाळरेषेपर्यंत आली आणि बहुतेक ठिकाणी तिथेच विझली. पश्चिमेच्या कोपऱ्यात ठिणगी आत पडली, पाच कलमं होरपळली. फांद्यांची रांग पेटू दिली नाही, हे त्या माणसांचं काम. जाळरेषा त्या बाजूला दहाची पंधरा फूट करायची.

१४ जुलै २०२४

गेलेल्या जागी नवीन कलमं लावली. यंदा मधे नाचणी अर्ध्या भागात, अर्ध्यात ताग. ताग फुलावर आला की कापून तिथेच आळ्यांवर पसरणार. हद्दीवर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या. त्यांचा पाला दोन वर्षांनी खताला येईल आणि कवळासाठी रानात जावं लागणार नाही.

फुटवे गेल्या वर्षीच्या निम्मेही नाहीत. उक्षी मात्र सगळ्यात चिवट ठरली. वेल कापला तर आतून पाणी ठिबकतं, आणि बुंधा जिवंतच.

१७ नोव्हेंबर २०२४

कामाचं वर्षाचं चक्र आता बसलं आहे. जूनअखेर हाताने उपटणी, ऑगस्टात फुटवे, दसऱ्याच्या सुमाराला गवत कापून आळ्यांना आच्छादन, डिसेंबरात रानमोडी आणि जाळरेषा. प्रत्येक वेळी चार-पाच दिवसांचं काम. एक वेळ चुकली की पुढच्या वेळी ते दुप्पट होतं. मजुरीचा हिशेब मांडला तर पहिल्या वर्षीच्या तोडीपेक्षा दर वर्षीची ही राखण एकूण महाग पडणार आहे. परतणाऱ्या भावाबहिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे, तोडीचा खर्च काढाल तेव्हा निदान पाच वर्षांच्या बेणणीचे पैसे आणि माणसं आधी जोडा. तेवढं जमत नसेल तर दहा गुंठेच साफ करा आणि राखा. बाकीच्यावरचं रान उभं राहिलं तर त्याने जमिनीचं काही वाईट होत नाही.

तात्यांकडे दोन गाई आहेत. कुळीथ काढल्यावर त्या वरच्या पट्ट्यात बांधून चारायच्या ठरलं, दावं लांब ठेवून, कलमांपासून दूर.

२८ मे २०२५

पाऊस २५ तारखेलाच तळकोकणात उतरला, पण इथे त्याच्या आधीपासूनच रोज कोसळत होता. सगळं वेळापत्रक तीन आठवडे आधी ओढलं. मे महिन्यातच रानमोडीची रोपं उगवून आली, म्हणून उपटणी आजच सुरू केली. नाचणीची रोपवाटिका घाईने टाकली. मुंबईची भावंडं सुट्टीत इथेच होती, मुलांसकट सगळे उतारावर उतरले आणि खालचा आख्खा पट्टा हाताने साफ झाला.

१६ नोव्हेंबर २०२५

तिसऱ्या पावसाळ्यानंतरची पाहणी. किंजळीचे आणि ऐनाचे बहुतेक खुंट मेले. पहार टोचली की आत भुसा लागतो. कुडा अजून मुळांवरून येतो, पण बोटभर जाडीचा. फांद्यांच्या आडव्या रांगा कुजून बसल्या आणि त्यांच्या वरच्या अंगाला वीतभर माती साठली आहे. वेंगुर्ला ४ ची झाडं छातीइतकी झाली, ७ थोडी मागे. अजून दोन-तीन वर्षांत फांद्या एकमेकांना भिडायला लागतील. काजूची स्वतःची दाट सावली जमिनीवर पडली की बेणणी खूपच कमी होईल. तोपर्यंत मधे कुळीथ आहेच.

आतापर्यंत आलेला मोहर खुडला. या हंगामातला जोमदार झाडांवर ठेवायचा आणि ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीवर लक्ष ठेवायचं, कोवळी पालवी फुटली की रोज बघायचं.

पुढची कामं: पश्चिमेची जाळरेषा २० डिसेंबरच्या आत. पऱ्यापलीकडच्या पडीक जमिनीच्या मालकांशी बोलून त्यांच्या हद्दीतली पंधरा फूट रानमोडी आपल्या खर्चाने काढायची परवानगी घेणं, कारण बी तिथूनच येतं. उक्षीचे राहिलेले बुंधे खणून काढायला दोन गडी सांगितले आहेत, ते सोमवारी येतील.